डब्याबाहेर राहिलेल्या चिठ्ठ्या

आज पंचाहत्तरी गाठलेल्या आणि ओलांडलेल्या कितीतरी अमेरिकन पुरुषांना एक आकडा अजून तोंडपाठ आहे. १४ सप्टेंबरला जन्मलेल्यांचा १. २४ एप्रिलवाल्यांचा २. ३० डिसेंबरवाल्यांचा ३. आणि ८ जूनला जन्मलेले सगळ्यात शेवटी, ३६६. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये जन्मतारखांच्या चिठ्ठ्या घातलेल्या निळ्या कुप्या एकेक करून उघडल्या गेल्या आणि १९४४ ते १९५० या सात वर्षांत जन्मलेल्या मुलांपैकी व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात सैन्यात कोणाला आधी बोलवायचं, त्याचा क्रम लागला. या पिढीच्या आठवणी वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. आकडा लक्षात आहे, टीव्हीसमोर कोण कोण बसलं होतं तेही लक्षात आहे; पाठवणारा कोण होता, ते मात्र धूसर आहे. ‘माझी तारीख निघाली’ असं वाक्य येतं. ‘मला त्यांनी पाठवलं’ हे फार क्वचित.

पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या या सोडतीबद्दल आज मराठीत लिहायचं कारण आपल्याकडची एक मागणी आहे. सीमेवर काही घडलं, की समाजमाध्यमांवर, चहाच्या टपरीवर, कधी विधिमंडळाच्या आवारातसुद्धा ती पुन्हा डोकं वर काढते: प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सक्तीनं सैन्यात पाठवा, म्हणजे शिस्त लागेल. मागणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इस्रायल असतो. पण इस्रायलची सक्ती छोट्या लोकसंख्येच्या देशाची सक्ती आहे. आपल्याकडे दरवर्षी एक कोटीहून जास्त मुलगे अठरा वर्षांचे होतात. तिन्ही दलांचं आजचं बळ सगळं मिळून १४ लाखांच्या घरात. प्रत्येकाला दोन वर्षं घ्यायचं म्हटलं, तर एका वेळी दोन कोटींच्या वर पोरं बराकीत ठेवावी लागतील. त्यांना शिकवायला तितके हवालदार नाहीत, झोपायला तितक्या खाटा नाहीत, आणि सीमेवर त्यांचं कामही नाही. म्हणजे ‘सगळे’ हे नुसतं बोलायला. प्रत्यक्षात दहातला एखादा घ्यावा लागणार आणि नऊ सोडावे लागणार. कोणता एक? हा प्रश्न आला, की त्याच्या मागोमाग चिठ्ठी येते. सक्ती मागणारे खरं तर सोडत मागत असतात, फक्त ते त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

म्हणून सक्तीबद्दल मत बनवण्याआधी ही सोडत कशी झाली, तिच्यात काय बिघडलं आणि जे बिघडलं ते कोणाच्या वाट्याला आलं, हे तपशिलात बघायला हवं.

सोडतीच्या आधी अमेरिकेत जी पद्धत होती ती आणखी वाईट होती, हे आधी मान्य करतो. देशभर चार हजारांहून जास्त स्थानिक मंडळं होती आणि कोणाला न्यायचं, कोणाला सवलत द्यायची हे गावातले चार-पाच मानकरी ठरवत. १९६७ साली सरकारनेच नेमलेल्या आयोगाला आढळलं, की या मंडळांच्या सदस्यांमध्ये कृष्णवर्णीय फक्त १.३ टक्के होते. वयाने मोठ्याला आधी न्यायचं हा नियम होता, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत टांगती तलवार. नोकरी देणारा विचारी, ‘तुझं सैन्याचं काय?’ लग्न ठरवताना तोच प्रश्न. १९६५ च्या ऑगस्टपर्यंत मूलबाळ नसलेल्या विवाहितांना मागे ठेवलं जाई. अध्यक्ष जॉन्सन यांनी २६ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून ते बंद केलं, तर त्या संध्याकाळी लास व्हेगासमध्ये लग्नासाठी रांगा लागल्या. १९४१ पासून सक्तीच्या भरतीच्या खात्याचे प्रमुख असलेले जनरल लुईस हर्शी तर उघडपणे सांगत, की सवलतींचा उपयोग मुलांना देशाला हव्या त्या शिक्षणाकडे आणि धंद्याकडे वळवायला होतो. सैन्याची भीती घालून इंजिनिअर घडवायचे, असं ते गणित. ज्याला कॉलेज परवडत नाही त्याला वळवण्याचा प्रश्नच नव्हता. तो सरळ बराकीत जाई.

१९६७ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना स्वतःच्या अधिकारात सोडत घ्यायला मनाई होती. संसदेने ती अट काढली, निक्सन यांनी २६ नोव्हेंबर १९६९ ला सही केली आणि पाचव्या दिवशी सोडत झालीसुद्धा. ही घाईच नडली.

आता ती पेटी जवळून बघू. दीड इंच लांब, एक इंच जाडीच्या ३६६ प्लास्टिकच्या कुप्या. प्रत्येकीत तारीख लिहिलेली एक कागदाची गुंडाळी. आधी जानेवारीच्या ३१ कुप्या एका मोठ्या चौकोनी लाकडी पेटीत टाकल्या आणि पुठ्ठ्याच्या फळीने एका बाजूला सरकवल्या. मोकळ्या बाजूला फेब्रुवारीच्या २९ टाकल्या, मोजल्या, आणि त्याच पुठ्ठ्याने जानेवारीच्या ढिगात ढकलल्या. मग मार्च, मग एप्रिल. अशा रीतीने जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा ढवळल्या गेल्या, मार्चच्या दहा वेळा, नोव्हेंबरच्या दोनदा आणि डिसेंबरच्या एकदाच. पेटी बंद करून काही वेळा हलवली, तीन मजले जिन्याने वर नेली, आणि सोडतीच्या वेळी दोन फूट खोल काचेच्या भांड्यात रिकामी केली. कुप्या काढणाऱ्यांनी बहुतेक वेळा वरच्या उचलल्या. मधूनच कोणी हात खोल घातला. पहिली कुपी न्यूयॉर्कचे खासदार अलेक्झांडर पिर्नी यांनी काढली, पुढच्या वेगवेगळ्या राज्यांतून बोलावलेल्या तरुण प्रतिनिधींनी.

ज्याने घरी गव्हाच्या राशीत कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला मिसळला आहे, त्याला इथली चूक लगेच दिसेल. शेवटी टाकलेलं शेवटपर्यंत एकगठ्ठा राहतं. पेटी हलवल्याने कुप्या खडखडतात, आवाज मोठा होतो, पण दीड इंची कुपी ढिगात फार लांब जात नाही. वरवर गोंधळ दिसतो आणि आत महिने आपापल्या जागी बसलेले असतात.

निकालात ते उमटलं. नीट मिसळलं असतं तर प्रत्येक महिन्याच्या क्रमांकांची सरासरी १८३ च्या आसपास यायला हवी होती. जानेवारीची आली २०१, मार्चची २२५, नोव्हेंबरची १४८ आणि डिसेंबरची १२१. पुढे १९७० सालात बोलावणी १९५ क्रमांकापर्यंत गेली. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २, १२, १५, १७ आणि १९ एवढ्या पाचच त्यातून सुटल्या. समान वाटणी झाली असती तर चौदा सुटायला हव्या होत्या. नऊ तारखा जास्त, आणि एकेका तारखेमागे सात वर्षांत जन्मलेली हजारो मुलं. आईने जन्म नोव्हेंबरात दिला की मार्चमध्ये, एवढ्यावरून.

संख्याशास्त्रज्ञांनी काही आठवड्यांतच बोट ठेवलं. स्टीफन फिनबर्ग यांनी जानेवारी १९७१ मध्ये ‘सायन्स’ मासिकात या सोडतीची सविस्तर चिरफाड केली. पण सोडत रद्द झाली नाही. तोवर पहिल्या क्रमांकांच्या मुलांचे केस कापून झाले होते.

पुढच्या वर्षी चूक सुधारली, आणि ती किती सहज सुधारता येण्यासारखी होती हे बघून राग येतो. १ जुलै १९७० च्या सोडतीसाठी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या तज्ज्ञांनी यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यांवरून तारखांचे विस्कटलेले क्रम आधीच तयार केले आणि कुप्या त्या क्रमाने भरल्या. एकाऐवजी दोन फिरती पिंपं ठेवली: एकात तारखा, दुसऱ्यात १ ते ३६५ आकडे. एका पिंपातून तारीख, दुसऱ्यातून आकडा. एका पिंपात काही कच्चं राहिलंच तरी दुसरं ते पुसून टाकतं. हे सगळं १९६९ मध्येही जमलं असतं. १९४० च्या सोडतीतही कुप्या नीट न मिसळल्याची नोंद खात्याच्या दप्तरी होती. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाची सोडत होते तेव्हा शाळेतली मुलं पारदर्शक डब्यातून चिठ्ठी काढतात, आणि सभागृहात बसलेला प्रत्येक इच्छुक चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या आहेत का, डबा नीट फिरवला का, याकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतो. एका प्रभागासाठी आपण एवढे जागरूक. तिथे जिवाचा प्रश्न होता, आणि ढवळायला पुठ्ठा.

मात्र या लेखाचा मुद्दा मिसळण्याचा नाही. मिसळणं सुधारता येतं. सुधारत नाही ती दुसरी गोष्ट: ज्यांच्या चिठ्ठ्या डब्यात पडल्या पण ज्यांना त्यांचा काही धाक नव्हता, त्यांची.

सोडतीने फक्त क्रम लावला होता. त्या क्रमाने बोलावणं यायचं ते १-ए या वर्गातल्यांना, म्हणजे जायला मोकळ्या असलेल्यांना. बाकीचे वर्ग बघा. २-एस म्हणजे विद्यार्थी. २-ए म्हणजे महत्त्वाच्या नोकरीतला. ३-ए म्हणजे मुलाचा बाप किंवा घरचा एकटा आधार. ४-डी म्हणजे धर्मोपदेशक. ४-एफ म्हणजे शरीराने अपात्र. १-वाय म्हणजे फक्त आणीबाणीत चालेल असा. १-ओ म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीने युद्धाला नकार देणारा. कागदावर प्रत्येक वर्गाला कारण आहे आणि प्रत्येक कारण सुटं पाहिलं तर पटण्यासारखं आहे. एकत्र पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. अपात्र ठरायला गुडघ्याचा जुना एक्स-रे आणि तज्ज्ञाची चिठ्ठी लागते. ज्याच्या घरी लहानपणापासून एकच डॉक्टर येतो त्याच्याकडे ती असते. ज्याने दुखणं अंगावर काढलं त्याच्याकडे कागदच नसतो, आणि तपासणी केंद्रावर शेकडो पोरांच्या रांगेत लष्करी डॉक्टर त्याला एखादं मिनिट देतो. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यात, नाव घातलं तर व्हिएतनाम जवळजवळ नक्की टळायचं, पण तिथे लांबलचक प्रतीक्षायादी होती, आणि प्रतीक्षायादीत वर सरकायला ओळख लागते. वशिला हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको.

उलट्या बाजूनेही दार उघडं होतं. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी १९६६ मध्ये बुद्धी-चाचणीची पातळी खाली आणली. आधी जे नापास होऊन घरी गेले असते अशा साडेतीन लाखांच्या आसपास तरुणांना पुढच्या पाच वर्षांत सैन्यात घेतलं गेलं. वरून विद्यार्थी सुटत होते, आणि भरपाईला खालून पोरं ओढली जात होती.

१९६४ ते १९७३ या काळात लष्करी वयात आलेले अमेरिकन तरुण सुमारे २ कोटी ६८ लाख. त्यांतले सक्तीने नेलेले २२ लाख. स्वतःहून दाखल झालेले ८७ लाख, ज्यांतले पुष्कळ जण सक्ती यायच्या आत बरी शाखा मिळावी म्हणून गेले. सक्तीत दोन वर्षं पण बहुधा पायदळ; नौदल किंवा हवाई दलात स्वतःहून गेलं तर चार वर्षं पण चिखल नाही. आणि सवलत, सूट किंवा अपात्रता मिळून कायदेशीरपणे बाहेर राहिलेले १ कोटी ५४ लाख. अर्ध्याहून जास्त पिढी. सोडत कितीही स्वच्छ असती तरी ती या भिंतीच्या अलीकडेच चालली असती.

नियमातली एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यात सगळं सार आहे. एका वर्षात तुम्ही १-ए मध्ये असाल आणि तुमचा क्रमांक येण्याआधी ३१ डिसेंबर उलटला, तर तुम्ही खालच्या प्राधान्यगटात जायचात, म्हणजे जवळजवळ सुटलात. क्रमांक येऊन गेला पण बोलावणं राहून गेलं असेल, तर धोका पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत. आता समजा एखाद्या विद्यार्थ्याचा क्रमांक २६०, आणि वर्षअखेर दिसतंय की बोलावणी १९५ वर थांबली आहेत. त्याने डिसेंबरमध्ये स्वतःच मंडळाला पत्र टाकून विद्यार्थी सवलत सोडायची, काही दिवसांसाठी १-ए व्हायचं, आणि नववर्षाच्या पहाटे मोकळं व्हायचं. १९७० च्या अखेरीस खात्याने हे चालतं असं स्पष्ट केलं होतं. एका पोस्टाच्या शिक्क्याने अनेक वर्षांची टांगती तलवार गेली. अट एवढीच, की हे माहीत हवं. विद्यापीठांत आणि चर्चमध्ये सल्ला देणारी केंद्रं होती, युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी त्यात पुढे होती. तिथे जाणाऱ्याला हे कळायचं. कापडगिरणीत किंवा शेतावर राबणाऱ्याला सवलतच नव्हती, मग ती सोडण्याची युक्ती काय उपयोगाची? सोडतीत जिंकलेला आणि हरलेला दोघांचंही नशीब सारखं चाललं नव्हतं. एकाच्या नशिबाला वकील होता.

नंतर काही फटी बुजवल्या. नव्या नोकरी-सवलती आणि नव्या पितृत्व-सवलती एप्रिल १९७० पासून बंद झाल्या, कॉलेजात नव्याने येणाऱ्यांची विद्यार्थी सवलत १९७१ मध्ये. पण तोवर सक्तीची भरतीच आटत चालली होती: १९६९ मध्ये २ लाख ८३ हजार, १९७१ मध्ये ९४ हजार, १९७२ मध्ये ४९ हजार. न्याय आला तेव्हा गरज सरली होती. बहुधा असंच होतं.

ज्यांचा नंबर लागला त्यांच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. मराठीत ‘नंबर लागला’ म्हटलं की पेढे आठवतात. म्हाडात नंबर लागला, आरटीईत नंबर लागला. तिथे उलट होतं, आणि सगळ्यात वाईट हाल मधल्यांचे झाले. सोडतीनंतर अधिकाऱ्यांनी ढोबळ सांगितलं होतं की पहिला तिसरा हिस्सा जाणार, शेवटचा बहुधा सुटणार. मधल्यांना काहीच सांगता येत नव्हतं. जानेवारी १९७० मध्ये ३० पर्यंतचे क्रमांक बोलावले गेले, फेब्रुवारीत ६० पर्यंत, मार्चमध्ये ९०. ज्याचा क्रमांक १७० आहे तो दर महिन्याला आकडा आपल्याकडे सरकताना बघत बसायचा. पुढचं शिक्षण घ्यावं का, नोकरी धरावी का, साखरपुडा करावा का. जाणाऱ्याला निदान तारीख माहीत होती.

मग पत्र. वैद्यकीय तपासणीचं आधी, आणि पास झाला तर भरतीच्या हुकमाचं. तो हुकूम ‘ग्रीटिंग’ या शब्दाने सुरू व्हायचा, म्हणजे शुभेच्छांनी. ठरलेल्या दिवशी भरती केंद्रावर ओळीत उभं करून नाव पुकारलं जाई आणि एक पाऊल पुढे टाकायला सांगत. त्या पावलाला कायद्यात अर्थ होता. पाऊल टाकलं की तुम्ही सैनिक, तुमच्यावर लष्करी कायदा लागू. नाही टाकलं तर तुम्ही नागरिक, पण गुन्हेगार: पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये हेच पाऊल टाकायला नकार दिला. जगज्जेतेपद गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करेपर्यंत जून १९७१ उजाडला. त्यांच्यासारखं नाव नसलेल्यांची गोष्ट अशी: संपूर्ण युद्धकाळात सुमारे २ लाख ९ हजार जणांवर सक्तीचा कायदा मोडल्याचा ठपका आला, त्यांतल्या ८,७५० जणांना दोषी ठरवलं गेलं. हजारो कॅनडात गेले, ते अध्यक्ष कार्टर यांनी जानेवारी १९७७ मध्ये माफी दिल्यावर उजळ माथ्याने परतू शकले.

सोडत हा क्रूर असला तरी जवळजवळ प्रयोगशाळेत केल्यासारखा प्रयोग होता, म्हणून अभ्यासकांनी तिचा पुढे फार उपयोग केला. लहान क्रमांकवाले आणि मोठ्या क्रमांकवाले यांच्यात नशिबाखेरीज फारसा फरक नाही, मग पुढे त्यांच्या आयुष्यांत जो फरक दिसतो तो सक्तीच्या खात्यावर मांडता येतो. १९८६ च्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियातले मृत्यू तपासले. ज्यांचे क्रमांक बोलावण्याच्या मर्यादेत होते त्यांच्यात युद्धानंतरच्या काळात आत्महत्या आणि वाहन अपघातांतले मृत्यू जास्त आढळले. अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं, की सक्तीने सेवा केलेल्या गोऱ्या पुरुषांची कमाई, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, न गेलेल्यांपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी होती. शिस्त लागते आणि आयुष्य सुधारतं, असं ठासून सांगणाऱ्यांनी हा आकडा शांतपणे वाचावा.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर यांचा २०११ चा अभ्यास. १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गात असलेल्या आणि कॉलेजकडे निघालेल्या मुलांची मतं पुढे अनेक वर्षं नोंदवून ठेवलेली होती. १९७३ मध्ये विचारलं तेव्हा ज्यांचे क्रमांक लहान होते ते युद्धाच्या जास्त विरोधात गेलेले दिसले, मग ते प्रत्यक्ष गेलेले असोत वा नसोत. १९९७ पर्यंत त्याची खूण त्यांच्या राजकीय मतांत टिकून होती. मोठ्या क्रमांकवाल्यांच्या मनातून प्रश्न निघून गेला. त्यांना दोष देता येत नाही. वीस वर्षांच्या पोराला सुटल्याचा आनंद होणारच. पण शासनाच्या हाती काय लागलं बघा. युद्ध बरोबर की चूक हा सगळ्या पिढीचा प्रश्न होता, तो आता तीनशे सहासष्ट वेगवेगळ्या खासगी प्रश्नांत फुटला. ‘आपण का जायचं?’ याच्या जागी ‘तुझा कितवा?’ आला.

सोडतीने आंदोलन एका रात्रीत शमलं असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. एप्रिल १९७० च्या अखेरीस कंबोडियात सैन्य घुसवल्यावर विद्यापीठं पुन्हा पेटली आणि ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. पण जसजशी बोलावणी कमी झाली आणि मोठे क्रमांक सुरक्षित झाले, तसतशी रस्त्यावरची गर्दी ओसरली, हे कोणालाही दिसत होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सक्ती नसेल तर सैन्यात गरीबच जातात. शहरातला सुखवस्तू मुलगा युद्ध फक्त बातम्यांत बघतो आणि म्हणून बेफिकीरपणे युद्ध मागतो. अमेरिकेत १९७३ पासून सगळं सैन्य स्वेच्छेचं आहे, आणि हा आक्षेप तिथेही होतो. आपल्याकडेही भरतीच्या मैदानावर पहाटे चारला रांगेत उभी राहणारी पोरं कोणत्या घरांतून येतात हे आपल्याला माहीत आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण सोडत हा त्यावरचा इलाज आहे, हे मला पटत नाही. सुखवस्तू मुलाला डब्यात आणायचं, तर सवलती शून्य हव्यात: मंत्र्याचा मुलगा, आयआयटीतला, परदेशी शिकणारा, सगळे. तशी सक्ती शांततेच्या काळात कुठल्या देशाने टिकवली? इस्रायलमध्येसुद्धा कट्टर धार्मिक पंथाच्या विद्यार्थ्यांना दशकानुदशकं सूट होती, आणि ती चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सांगितल्यावर सरकार डळमळायला लागलं.

आजही डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची पद्धत बघायची असेल तर थायलंडमध्ये दर एप्रिलला बघता येते. एकवीस वर्षांची मुलं तालुक्याच्या ठिकाणी जमतात, आधी उंची, छाती, तपासणी, मग डबा. काळी चिठ्ठी आली तर मुलं जागीच उड्या मारतात, लाल आली तर काही जण तिथेच खाली बसतात. लाल म्हणजे दोन वर्षं. पण पदवीधर असाल तर एक. आधीच स्वतःहून नाव दिलं आणि पदवी असली तर सहा महिने. आणि शाळेत असताना तीन वर्षं राखीव दलाचं शिक्षण पुरं केलं असेल तर डब्यापर्यंत यायचंच नाही. शाळा अर्ध्यात सुटलेल्याला यातलं काहीच लागू नाही. देश वेगळा, चिठ्ठीचा रंग वेगळा, भिंत त्याच ठिकाणी.

आणि सवलती खरोखरच शून्य केल्या तरी आठवणींतलं ते वाक्य उरतंच. ‘माझी तारीख निघाली.’ मंडळातल्या म्हाताऱ्यांनी पाठवलं तेव्हा निदान तोंडं माहीत होती. त्यांच्या दारात जाऊन ओरडता येत होतं, आणि लोक ओरडलेही. कुपीवर ओरडता येत नाही. युद्धाचा ठराव करणारे, पैसा मंजूर करणारे, वर्षानुवर्षं ते लांबवणारे सगळे हात वर करून मोकळे, कारण क्रम देवाने लावला. ५८,२२० अमेरिकन आणि कितीतरी लाख व्हिएतनामी माणसं ज्या युद्धात मेली, त्याच्या भरतीचं खापर जन्मतारखेवर फुटलं. सक्तीची मागणी करणाऱ्यांना म्हणूनच एकच विचारावंसं वाटतं: डबा कोणी भरायचा, कोणाच्या चिठ्ठ्या त्यात नसतील, आणि ज्याचा मुलगा परत येणार नाही त्याने कोणाच्या दारात जायचं? याचं लेखी उत्तर मागणीसोबत जोडलेलं अजून तरी दिसलेलं नाही.

हा प्रश्न सगळ्याच मराठी घरांना दूरचा आहे असंही नाही. अमेरिकेने १९८० मध्ये नोंदणी पुन्हा सुरू केली आणि ती आजही आहे. १८ ते २५ वयाच्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाचं नाव त्या यादीत असायला हवं, नागरिक असो वा ग्रीन कार्डधारक. आई-वडिलांच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर वाढलेल्या मुलाला व्हिसा चालू असेपर्यंत ती लागू नाही. ग्रीन कार्ड हाती आलं आणि वय सव्विसाच्या आत असलं की लागते. हे न कळल्यामुळे नोंदणी राहिली तर सव्विसाव्यानंतर ती करताच येत नाही, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ‘मुद्दाम टाळलं नाही’ हे पटवत बसावं लागतं. त्या देशाच्या संसदेने उद्या सक्ती परत आणलीच, तर काय करायचं ते ठरलेलं आहे: दोन यंत्रं, एकात तारखांचे चेंडू, एकात आकड्यांचे, आणि त्या वर्षी वीस पूर्ण करणारे सगळ्यात आधी, मग एकवीस ते पंचविसाव्या वर्षापर्यंतचे. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी घरातल्या वीस वर्षांच्या मुलाची तारीखही त्यातल्या एका चेंडूवर आहे.